माननीय सीजीपीए साहेबांना दुधनीहून अनावृत पत्र

परमपूज्य, दशांशभूषण, श्रीमान सीजीपीए (सर्व सत्रांची संचयी श्रेणी-सरासरी) साहेब यांच्या सेवेशी,



हे पत्र दुधनीहून लिहीत आहे. अक्कलकोट तालुक्यातलं, सोलापूर जिल्ह्याच्या टोकाचं आमचं गाव. पुढे कर्नाटक लागतं. इथे तुरीचा बाजार आहे, आडत आहे, रेल्वे स्टेशन आहे आणि सोलापूरला नाहीतर कलबुर्गीला कॉलेजला जाणारी मुलं आहेत. एवढ्या कडेच्या गावात, इतक्या साध्या घरांत, कुणी आमंत्रण दिलेलं नसताना आपण पायधूळ झाडलीत, याबद्दल सर्वप्रथम आपले आभार.

आपण येण्याआधी आमच्याकडे फार गोंगाट होता. सोलापूरचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला, एकट्या जिल्ह्यासाठी झालं. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं ओळखलं जातं. २००४ च्या आधी आमच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या असत. विद्यापीठ कुठलंही असो, निकाल लागला की साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास हे न शिकलेल्या आजीलाही कळायचं. शेजारीपाजारी पेढे मागायला यायचे. आता मुलगी निकाल घेऊन घरी येते, आई कन्नडमध्ये विचारते, ‘एष्ट बंतु?’ किती आले? मुलगी म्हणते, ‘सहा पॉइंट चार.’ आईला कळत नाही की हसावं की रडावं. पेढ्यांचा खर्च आपण वाचवलात. घरोघरी ही शांतता आणल्याबद्दल आपले ऋण मानावे तेवढे थोडे.

आपली शिडी किती सुटसुटीत! विद्यापीठ अनुदान आयोगानं ती आखून दिली. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास झाला तर शून्य. शून्य आणि चार यांच्या मध्ये काहीच नाही. एखाद्या मुलाचा पेपर दोन गुणांनी राहिला काय आणि त्यानं कोरा ठेवला काय, आपल्या दरबारात दोघांची किंमत सारखीच. जिथे ७० ते ७९ गुणांना ८ पॉइंट देतात तिथे ७० वाला आणि ७९ वाला एका पंगतीत बसतात; मात्र ८० वाल्याचं ताट वेगळं. समतेचा आणि विषमतेचा असा मिलाफ एकाच तक्त्यात साधणं आपल्यालाच जमलं.

आपल्या विनयाचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. आपण हिशेब कसा करता हे आपण कधी स्वतःहून सांगत नाही. मुलांना वाटतं, सगळ्या विषयांचे पॉइंट मिळवायचे आणि विषयांच्या संख्येनं भागायचं. समजा, एका सत्रात आठ विषय आहेत. त्यातले तीन चार-चार श्रेयांकांचे (क्रेडिटचे), त्यांत पॉइंट पडले ८, ७ आणि ६. उरलेले पाच दोन-दोन श्रेयांकांचे, त्यांत ९, १०, ८, ५ आणि ७. पोरगं बेरीज करतं ६०, भागतं आठानं, आणि ७.५० आले म्हणून घरी फोन करतं. गुणपत्रिका हाती येते तेव्हा तिच्यावर ७.३६ छापलेलं असतं. पोराला वाटतं संगणक चुकला. संगणक बिचारा बरोबर असतो. प्रत्येक विषयाचे पॉइंट त्याच्या श्रेयांकांनी गुणायचे, ती बेरीज १६२ येते, आणि भागायचं एकूण श्रेयांकांनी, म्हणजे २२ नं. एवढंच. पाचवीच्या पोराला जमेल असं गणित आपण पदवीच्या मुलांपासून इतक्या निष्ठेनं झाकून ठेवलंत!

खरं म्हणजे हे गणित दुधनीच्या शेतकऱ्याला आपल्या जन्माच्या आधीपासून येतं. चांगली तूर एका भावानं गेली, डागी दुसऱ्या भावानं गेली, तर सरासरी भाव काढताना तो दोन भावांची बेरीज करून दोनानं भागत नाही. कुठल्या भावानं किती क्विंटल गेली ते बघतो. आडत्याच्या पट्टीवर जे बापाला समजतं ते मुलाला कॉलेजात कुणी त्या भाषेत सांगितलं असतं, तर आपला दरारा राहिला नसता. म्हणून ते कुणी सांगू दिलं नाहीत, ही आपली दूरदृष्टी.

लहान विषयांना आपण जो मान दिलात त्याबद्दल तर खास धन्यवाद. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आलं, महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झालं, आणि मुलांच्या वेळापत्रकात भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, कौशल्याचे विषय, एनएसएससारखे सहअभ्यासक्रम असे दोन-दोन श्रेयांकांचे पाहुणे येऊन बसले. मुलं त्यांना ‘साईडचे विषय’ म्हणतात आणि तास बुडवून मुख्य विषयाच्या शिकवणीला पळतात. आपण गालात हसत असाल. कारण चार श्रेयांकांच्या मुख्य विषयात सातावरून आठावर चढायला महिनोन्महिने घासावं लागतं आणि बेरजेत पडतात चार. दोन श्रेयांकांच्या त्या साईडच्या विषयात सातावरून दहावर गेलं तर पडतात सहा. हे पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला एक खडू पुरला असता. पण आपण काटकसरी. आपण तोही वाचवलात.

आता आपल्या सर्वांत मोठ्या उपकाराकडे वळतो. तो म्हणजे आपला संयम.

समजा, एका मुलीनं ठरवलंय की पदवी संपताना आपला आकडा ७ असला पाहिजे. सत्रं सहा, प्रत्येकी २२ श्रेयांक, एकूण १३२. म्हणजे तिला सगळे मिळून ९२४ पॉइंट जमवायचे आहेत. पहिल्या सत्रात तिचे आले ६.४०. त्या दिवशी कुणी तिला जवळ बसवून सांगितलं असतं तर पुढच्या प्रत्येक सत्रात ७.१२ पुरले असते. वरच्यासारखेच विषय धरले तर तिन्ही मोठ्या आणि दोन लहान विषयांत एकेक पायरी वर, बस्स. पण आपण बोलला नाहीत. दुसरं सत्रही ६.४० वर गेलं तर पुढे ७.३० लागतात. तिसरंही तसंच गेलं तर ७.६०. चौथ्यानंतर ८.२०. आणि पाच सत्रं अशी गेली की सहाव्यात लागतात पूर्ण १०. म्हणजे सगळ्या विषयांत ओ.

नेमकं तेव्हाच, शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात, नोकरीच्या जाहिराती आणि पुढच्या प्रवेशाचे फॉर्म येतात, आणि मुलगी विचारते, ‘सर, आता सात करायला काय करावं लागेल?’ सर म्हणतात, ‘मेहनत कर.’ मुलगी मेहनत करते. पहाटे उठते, परीक्षेआधी आई अक्कलकोटला स्वामींकडे आणि गाणगापूरला दत्ताकडे नारळ फोडून येते. पण चार श्रेयांकांच्या एका विषयात एक पायरी वर चढलं तर १३२ श्रेयांकांच्या आकड्यात फरक पडतो तो ०.०३ चा. वेळ टळून गेल्यावर मेहनतीचा उपदेश मिळावा अशी व्यवस्था आपण लावलीत. तीन वर्षं गप्प राहून शेवटच्या महिन्यात तोंड उघडणारा हितचिंतक आम्हाला पूर्वी लाभला नव्हता.

बॅकलॉगच्या बाबतीतही आपण उदार आहात. वरच्याच उदाहरणात सहा पॉइंटांचा चार श्रेयांकांचा विषय राहिला आणि तिथे शून्य धरलं, तर ७.३६ चे थेट ६.२७ होतात. एटीकेटीवर वर्ग पुढे जातो म्हणून मुलं निर्धास्त राहतात. विषय सुटेपर्यंत तो खड्डा भरत नाही, आणि सुटला तरी पुढच्या सत्राच्या अभ्यासातला वेळ तो खाऊन गेलेला असतो. ‘एटीकेटी आहे, काळजी नको’ हे वाक्य ज्यानं प्रथम काढलं, त्याचा सत्कार आपण करायला हवा होता.

आणि आपले अवतार! काय वर्णावे! दुधनीतला एक मुलगा ६.२५ घेऊन घरी आला असं धरू. फॉर्मवर चौकट आहे टक्केवारीची. एक जण सांगतो, दहानं गुण. टक्के झाले ६२.५. दुसरा म्हणतो, साडेनवानं गुण. ते होतात ५९.३८. तिसरा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा तक्ता दाखवतो, त्यात ६.२५ म्हणजे ५५ आणि साठ टक्क्यांना ६.७५ लागतात. मुलगा एकच, परीक्षा एकच, उत्तरपत्रिका त्याच. फॉर्मवर किमान ६० टक्क्यांची अट. एका हिशेबानं तो आत, दुसऱ्यानं उंबरठ्यावर, तिसऱ्यानं रस्त्यावर. परमेश्वरालाही भक्तांची इतकी परीक्षा घ्यावीशी वाटली नसेल.

त्यातला साडेनवाचा आकडा तर पाहुणा म्हणून आला आणि घरचाच झाला. तो सीबीएसईनं आपल्या दहावीच्या मुलांसाठी काढला होता. सर्वांत वरच्या श्रेणीतल्या मुलांचे सरासरी गुण ९५ च्या आसपास पडतात, म्हणून भागिले दहा, साडेनऊ. ती दहावीची श्रेणीपद्धत सीबीएसईनं स्वतः केव्हाच गुंडाळली. आमच्याकडे मात्र पदवीच्या मुलांना सायबर कॅफेत आजही त्याच आकड्यानं गुणून दिलं जातं. आपल्या विद्यापीठाचं सूत्र कोणतं हे विचारायला गेलं तर एका खिडकीवरून दुसरीवर पाठवतात, अर्ज लिहायला सांगतात, शुल्क भरायला सांगतात, नंतर या म्हणतात. दुधनीहून रेल्वेनं जाऊन एका ओळीच्या सूत्रासाठी दिवस घालवायचा. ती ओळ गुणपत्रिकेवर छापली असती तर शाई किती लागली असती? शाईची बचत केल्याबद्दल राज्याची तिजोरी आपली ऋणी राहील.

काटेकोरपणा मात्र आपल्याकडूनच शिकावा. प्राध्यापक व्हायचं म्हणून नेट द्यायला निघालेल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलाला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के लागतात, तेही पूर्णांकात न वाढवता, ५४.९ ला ५५ म्हणायची सोय नाही. चार वर्षांच्या पदवीत संशोधनाची वाट धरायची तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. त्या पदवीवरून थेट पीएच.डी.कडे जायचं तरी २०२२ च्या नियमांनुसार ७५ टक्के किंवा त्या तोडीची श्रेणी लागते. दारं इतक्या बारीक मापानं बसवलेली. आणि त्या मापाची पट्टी विद्यापीठागणिक वेगळी. हा न्याय समजून घ्यायला आमची बुद्धी तोकडी पडते, एवढं मात्र कबूल करायला आम्ही तयार नाही. बुद्धी पुरेशी आहे. न्यायच तोकडा आहे.

आपल्याला महाविद्यालयंही भजत आली आहेत, हे मला ठाऊक आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या आजवरच्या मूल्यांकनात कॉलेजलाही सीजीपीएच मिळायचा, चारपैकी. ३.०० आला तर बी डबल प्लस, ३.०१ आला तर ए. त्या एक शतांशासाठी समित्या बसायच्या, फायली बांधल्या जायच्या, कुठल्या निकषाला किती वजन आहे याचे तक्ते भिंतीवर लागायचे, कुठे दोन गुण वाढवता येतील यावर रात्री उशिरापर्यंत बैठका चालायच्या. निकाल लागला की फाटकावर फलक झळकायचा. म्हणजे वजनानुसार पॉइंट कसे मोजायचे, लक्ष्य कसं ठेवायचं, मागे पडलो तर कुठे भर द्यायचा, हे सगळं कॉलेजला येतं. त्याच फाटकातून आत जाणाऱ्या मुलीसाठी अर्ध्या तासाची एक बैठक तेवढी राहून जाते. आपली भक्ती आधी संस्थेनं करावी आणि विद्यार्थ्यांनी फक्त प्रसाद घ्यावा, असा आपला दंडक असावा.

शिवाय आपण आम्हाला बँकही दिलीत. श्रेयांकांची बँक! २९ जुलै २०२१ ला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात, एक वर्ष पूर्ण करून शिक्षण सुटलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि परत यायचं तर जमा असलेल्या श्रेयांकांवर पुढचा प्रवास. कल्पना फार चांगली आहे, हे मी मनापासून लिहितो. लग्न ठरलं म्हणून, दुष्काळ पडला म्हणून, घरचा कर्ता माणूस आजारी पडला म्हणून कॉलेज सोडावं लागलेल्या मुली आमच्या भागात आहेत. त्यांच्यासाठी या बँकेसारखा आधार नाही. पण खातं कुठे आहे, त्यात काय जमा झालं, काय राहिलं, हे किती जणींनी उघडून पाहिलं? प्रवेशाच्या दिवशी कुणीतरी आयडी काढून दिला, एका कागदावर लिहिला, कागद हरवला. ज्यांना परतायची वाट सर्वांत जास्त लागणार, त्यांनाच वाट कुठे आहे ते सांगितलं नाही, हा आपला नेम अचूक आहे.

सीमेवर राहणाऱ्यांवर आपली कृपा दुप्पट. कलबुर्गीला शिकणारा मुलगा आणि सोलापूरला शिकणारी त्याची बहीण एकाच स्टेशनवरून विरुद्ध दिशांच्या गाड्या धरतात. इकडे चौथ्या वर्षाचा पर्याय आहे. तिकडे कर्नाटकानं मे २०२४ मध्ये चार वर्षांची रचना मागे घेतली आणि पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. तिथल्या ज्या राज्य शिक्षण धोरण आयोगाच्या अंतरिम अहवालावरून ती मागे घेतली त्याचे अध्यक्ष आपले सुखदेव थोरात, एकेकाळी विद्यापीठ अनुदान आयोगाचेच अध्यक्ष. शहाण्या माणसांचे मतभेद असावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका घरात दोन गुणपत्रिका आल्या आणि त्या शेजारी ठेवून कुणाचं बरं चाललंय हे बापाला कळेना, तर त्या बापानं कुणाकडे जावं?

साहेब, एवढे गोडवे गाऊन झाले. आता एक याचना. आपण जा असं मी म्हणत नाही. एका वाईट पेपरवर सगळं वर्ष ठरू नये, सहा सत्रांचं काम मिळून माणूस मोजावा, जास्त तासांच्या विषयाला जास्त वजन असावं, या आपल्या पोटातल्या गोष्टी चांगल्या आहेत. माझं भांडण आपल्या मौनाशी आहे. हे मौन शहरातल्या, प्राध्यापकांच्या, अधिकाऱ्यांच्या मुलांना बाधत नाही; त्यांना घरात सांगणारं कुणीतरी असतं. ते बाधतं घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांना. त्यांच्याशी आपण दगा करता. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

म्हणून मागणं तीनच. गुणपत्रिकेवर प्रत्येक विषयाचे श्रेयांक, पॉइंट आणि दोहोंचा गुणाकार दिसू द्या. तिच्याच पाठीवर त्या विद्यापीठाचं टक्केवारीचं अधिकृत सूत्र मराठीत छापू द्या. आणि प्रत्येक कॉलेजात पहिल्या सत्राच्या निकालानंतर एक तास या हिशेबाला ठेवू द्या. या तिन्हींसाठी नवं धोरण लागत नाही, नवी इमारत लागत नाही, मंत्र्यांची सही लागत नाही. प्राचार्यांची इच्छा आणि परीक्षा विभागाची एक ओळ पुरते.

आपली कृपादृष्टी थोडी कमी व्हावी अशी अपेक्षा ठेवून,

आपला आज्ञाधारक,
दुधनीचा एक पालक

ता. क. हे पत्र साहेब वाचतील न वाचतील. ज्या मुलामुलींनी त्यांच्या खांद्यावरून वाचलं, त्यांच्यासाठी: पहिल्या सत्राची गुणपत्रिका हातात आली की त्याच संध्याकाळी वहीत दोन आकडे लिहा. पदवीचे एकूण श्रेयांक गुणिले तुम्हाला हवा असलेला आकडा, हा पहिला. आतापर्यंतचे श्रेयांक गुणिले आतापर्यंतचा आकडा, हा दुसरा. पहिल्यातून दुसरा वजा करा, उरलेल्या श्रेयांकांनी भागा. जे येईल तेवढं पुढच्या प्रत्येक सत्रात हवं. प्रत्येक निकालानंतर हे पुन्हा करा, आणि गावातल्या एका धाकट्या भावंडाला शिकवा. सहाव्या सत्रापर्यंत थांबू नका.